व्ही.पी.ने मागवलेला गुण : इंग्रजी अमदानीतली टपाली औषधे

जुनाबाजार

शंभरेक वर्षांपूर्वीच्या मराठी मासिकांचे बांधीव खंड ज्यांनी चाळले आहेत त्यांना शेवटची पाने ठाऊक असतील. कथा-कविता संपल्या की औषधे सुरू. डोंगरे यांचे बालामृत, जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या, मथुरेचे सुधासिंधु, लाहोरची अमृतधारा, मुंबईचे कामिनिया तेल, डॉ. बाटलीवालांचे हिवतापावरचे मिश्रण. शेजारी विलायती मंडळी: बीचमच्या गोळ्या, हॉलोवेचे मलम, क्लोरोडाइन, वुडवर्डचे ग्राइप वॉटर. खाली बारीक टायपात ‘ट. ख. (टपालखर्च) निराळा’ आणि त्याच्याही खाली ‘एजंट पाहिजेत’.

या धंद्याचा विषय निघाला की बहुतेक जण ‘तेव्हाचे लोक भोळे’ म्हणून मोकळे होतात. मला ते अजिबात मान्य नाही. लोकांनी ही औषधे का मागवली हे त्या काळच्या टपालखात्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून हा धागा काढला.

साले पाहा. १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पार्सल, म्हणजे आपली व्ही.पी., सुरू झाली. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. १८८० मध्ये मनीऑर्डरचे काम टपालखात्याकडे आले. एवढ्याशा काळात, कुठेही दुकान न थाटता देशभर माल विकायची पुरी सोय झाली. गिऱ्हाइकाने पाव आण्याच्या कार्डावर नाव, गाव, तालुका लिहून पाठवायचे. कारखानदाराने बाटली भुशात बसवून लाकडी खोक्यात घालून धाडायची. पोस्टमनने दारात पैसे घ्यायचे आणि ते मनीऑर्डरने कारखानदाराला पोचवायचे. आधी पैसे पाठवून वाट पाहत बसण्याची भीती गेली. दोघे एकमेकांना कधी भेटत नाहीत, पण दोघांचाही सरकारी टपालावर विश्वास.

आता त्या गिऱ्हाइकाच्या जागी बसून पाहा. सिव्हिल सर्जन जिल्ह्याच्या गावी. दवाखाना असला तर तालुक्याला, पावसाळ्यात नदी उतरेपर्यंत तिथे जाणे नाही. हिवताप दरसाल ठरलेला. १८९६ पासून प्लेगचे सावट. गावात वैद्य असला तर उत्तम, पण काही दुखणी वैद्यालाही सांगता येत नाहीत. मूल न होणे, गुप्तरोग, बायकांच्या पाळीच्या तक्रारी, तरुण मुलांच्या मनात भरवून दिलेला ‘धातुविकार’. वैद्याच्या ओटीवर चार माणसे बसलेली असतात, तिथे बोलायचे कसे? कार्डावर लिहिता येत होते. बंद पाकीट तर अर्ध्या आण्यात जात होते. जामनगरच्या आतंकनिग्रह फार्मसीचे वैद्यशास्त्री मणिशंकर गोविंदजी नुसत्या गोळ्या विकत नसत. पत्ता कळवणाऱ्याला ते आपले एक पुस्तक फुकट पाठवत आणि ते पुस्तक वाचूनच पुढची मागणी येई.

माणसाला दोन गोष्टी हव्या होत्या: औषध आणि आडोसा. टपालाने दोन्ही दिल्या. बाटलीत काय होते हा पुढचा आणि फार गंभीर प्रश्न आहे. त्यावर जाणकारांनी लिहावे.

माळ्यावरची_ट्रंक

सुरेख विषय. वाचनखूण साठवली.

आमच्या माहेरी आजीच्या ट्रंकेत अशी एक बाटली होती, अजून आहे. चपटी, जाड, हिरवट काचेची, बूच लाखेने बंद. एका कडेला कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवलेली. एक खाच म्हणजे एक डोस. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनाही किती घ्यायचे ते कळावे म्हणून ती पट्टी, असे आई सांगायची. लेबलावर मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार लिप्या. तळाशी ‘रजिस्टर्ड’ असे ठसठशीत. ही बाटली साधारण कधीची ते ओळखायची काही युक्ती आहे का?

टपालखर्च_निराळा

माझी सारी नोकरी टपालखात्यात गेली, म्हणून व्ही.पी.बद्दल थोडे.

जुनाबाजार यांनी सोय सांगितली, त्यातली मेख मी सांगतो. पार्सल फोडायच्या आधी पैसे मोजावे लागत. पोस्टमन खोके हातात ठेवून ‘आधी बघा, मग द्या’ म्हणू शकत नव्हता, नियमच तसा. त्यामुळे आत ठरलेला माल आहे की नुसते रंगीत पाणी, हे पैसे गेल्यावरच कळायचे. शिवाय न मागवलेली पार्सलेही लोकांच्या नावे धाडली जात. घरातला कर्ता बाहेर गेलेला असला की बायका ‘यांनीच मागवले असेल’ म्हणून पैसे देऊन मोकळ्या होत.

सरकारला हे माहीत होते. म्हणूनच १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात व्ही.पी.ची कलमे सविस्तर होती. खरोखर आलेल्या मागणीवरूनच हा माल पाठवत आहोत, असे पाठवणाऱ्याला लिहून द्यावे लागे. फसवणुकीच्या प्रकरणात वसूल झालेली रक्कम अडवून ठेवून घेणाऱ्याला परत देण्याचे नियम करायची मुभाही त्यात होती.

दुसरी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. टपालखाते नुसते दुसऱ्यांची औषधे वाहत नव्हते, स्वतःही विकत होते. १८९२ पासून बंगालमध्ये पोस्टाच्या खिडकीवर क्विनाइनची पुडी मिळू लागली, एका पैशाला एक. पुढे ही पद्धत इतर प्रांतांतही पसरली. म्हणजे हिवतापाने कण्हणाऱ्या माणसापुढे एकाच पोस्टात दोन वाटा होत्या: पैशाची साधी सरकारी पुडी, नाहीतर रुपयाची सचित्र लेबलाची बाटली. तापाच्या अनेक बाटल्यांतला गुणकारी भाग क्विनाइनच असायचा. तरी बाटली खपायची, कारण पुडीला जाहिरात नव्हती आणि क्विनाइन जहर कडू.

टेम्सकाठी

बाटलीत काय होते, या प्रश्नाचे विलायती मालापुरते उत्तर छापील आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये ‘सीक्रेट रेमेडीज’ नावाचे पुस्तक काढले. नावाजलेली औषधे बाजारातून विकत आणून त्यांचे पृथक्करण केले आणि घटक, घटकांची किंमत, विक्रीची किंमत असे शेजारी शेजारी मांडले. १९१२ मध्ये दुसरा भाग आला.

बीचमच्या गोळ्यांचे पाहा. ‘एका गिनीच्या (२१ शिलिंगांच्या) मोलाची डबी’ अशी त्यांची जाहिरात असे. डबीत ५६ गोळ्या, किंमत एक शिलिंग दीड पेनी. आत काय? कोरफडीचा बोळ (वाळवलेला रस), सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांच्या सामानाचा खर्च अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग. बोळ सारक आहे, तेव्हा पोट साफ होत होते हे खरे. पण जाहिरातीत डोकेदुखीपासून बायकांच्या तक्रारींपर्यंत सगळ्यावर ह्याच गोळ्या.

त्या दीड पेनीचीही गंमत आहे. ती सरकारी स्टँपची. इंग्लंडमध्ये अशा औषधांवर १७८३ पासून कर होता आणि डबीवर कराचे तिकीट लागे. लोकांना वाटे, सरकारने पारखून शिक्का दिला. शेवटी ‘हे तिकीट म्हणजे सरकारची हमी नव्हे’ असे त्यावरच छापावे लागले.

आणि क्लोरोडाइन. ते तर हिंदुस्थानातल्या छावणीतूनच निघाले. डॉ. जॉन कॉलिस ब्राउन इथल्या फौजेत डॉक्टर होते, त्यांनी पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रोग्यांसाठी ते मिश्रण बनवले. १८५६ मध्ये लंडनच्या डॅव्हनपोर्ट नावाच्या औषधविक्रेत्याला विकायचा हक्क दिला. अफूचा अंश, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क. हगवण थांबायची, कळ थांबायची, झोप लागायची, म्हणून लोकांना ते अमृत वाटे. सवय लागून माणसे मरत हेही तितकेच खरे. फ्रीमन नावाच्या दुसऱ्या विक्रेत्याशी १८६४ मध्ये खटला झाला. खरे संशोधक कॉलिस ब्राउनच, असे न्यायाधीशांनी म्हटले आणि ते वाक्य पुढे वर्षानुवर्षे जाहिरातींत छापले गेले.

भिंग

जुनाबाजार, गिऱ्हाईक भोळे नव्हते हे पटले. पण विकणाऱ्यांना इतक्या सहज सोडू नका.

लहान मुलांच्या औषधांचा विचार करा. मिसेस विन्सलो यांचे ‘सूदिंग सिरप’ दात येणाऱ्या मुलांसाठी म्हणून अर्ध्या जगात खपले. त्यात मॉर्फिन होते. स्टीडमनच्या दात येण्याच्या पुडीत पाऱ्याचे क्षार. आई काय पाहणार? मूल रडायचे थांबले, झोपले, गुण आला!

आपल्याकडेही हा प्रश्न होता आणि तो बाटलीच्या आधीपासून होता. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना बाळागोळी देत. तिच्यात अफू असे. बारा-बारा तासांची पाळी, घरी बघायला कोणी नाही, मूल झोपून राहिले तरच कामावर जाता येणार. त्या बाईला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण जो कारखानदार सगळे जाणून झोपेचे औषध ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकतो, त्याला दोष द्यायलाच हवा.

काढा_चूर्ण

मी व्यवसायाने वैद्य. इथे सगळ्यांना एकाच माळेत ओवणे चालले आहे, म्हणून लिहितो.

पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना सुरू केला, व्ही.पी. निघायच्याही आधी. चेंबूरचे सांडू १८९९ चे. जामनगरच्या झंडू भट्टांच्या रसशाळेची परंपरा घेऊन त्यांचे नातू जुगतराम यांनी १९१० मध्ये मुंबईत झंडू फार्मास्युटिकल काढले. ही मंडळी च्यवनप्राश, द्राक्षासव, सितोपलादी अशी ग्रंथोक्त औषधे करत. ती गुप्त नाहीत. पाठ, म्हणजे कृती, ग्रंथात आहे, कोणीही वाचावा आणि ताडून पाहावा. ‘आमच्या एका गोळीने अठरा रोग’ म्हणणारा आणि ग्रंथाप्रमाणे आसव घालणारा यांत फरक केला नाही तर चर्चा निरर्थक आहे.

मात्र एक दुखरी बाजू मान्य करतो. तयार औषध टपालाने जाऊ लागले तेव्हा नाडी, प्रकृती, ऋतू, पथ्य हे सगळे मागे पडले. पूर्वी एकाच्या अम्लपित्ताला जे देत ते दुसऱ्याला देत नसत. बाटलीवर मात्र सर्वांना एकच मात्रा आणि ‘पथ्याची जरूर नाही’ ही मोठ्या अक्षरांतली ग्वाही. रोग्याला ते आवडणारच. त्या काळच्या वैद्यांना ही काळजी होती. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये नाशिकला वैद्यांचे संमेलन भरवले. विखुरलेल्या वैद्यांना एकत्र आणून शास्त्राला शिस्त लावावी, ही त्यांची धडपड होती.

जुनाबाजार

भिंग, काढा_चूर्ण, दोघांचेही मुद्दे रास्त आहेत. विकणाऱ्यांना सोडायचा माझा हेतू नाही. मात्र एक बाजू राहून जाते, ती म्हणजे वर्तमानपत्रे.

या औषधांच्या पैशांवर देशी भाषांतली छपाई किती तगली हे पाहिले पाहिजे. अमृतांजनचेच घ्या. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी ते १८९३ मध्ये मुंबईत सुरू केले. गाण्याच्या मैफलींत ते मलमाचे नमुने फुकट वाटत. बाजारात जम बसल्यावर १९०८ मध्ये त्यांनी मुंबईतूनच ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक काढले आणि १९१४ मध्ये ते मद्रासला नेऊन दैनिक केले. डोके दुखले म्हणून मुंबईकराने मलम घ्यावे आणि त्यातून तेलुगू पत्रकारिता उभी राहावी, हे मला विलक्षण वाटते.

कलकत्त्याला हेमेंद्रमोहन बोस कुंतलीन नावाचे केशतेल विकत. १८९६ मध्ये त्यांनी कथास्पर्धा सुरू केली. कथेत तेलाचे नाव ओघात आले पाहिजे, पण जाहिरात वाटता कामा नये, अशी अट. पहिले बक्षीस कोणाला मिळाले? जगदीशचंद्र बोस यांना, म्हणजे शास्त्रज्ञ जगदीशचंद्रांनाच. वादळ शमवणाऱ्या तेलाच्या बाटलीची ती कथा बंगालीतल्या पहिल्या विज्ञानकथांत गणली जाते.

मराठीत का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आजपर्यंत दिवाळी अंक जाहिरातींवर उभे आहेत. आपण ज्या कथा-कवितांना मराठीचे वैभव म्हणतो त्यांच्या कागदाचे पैसे बऱ्याच अंशी शेवटच्या पानांनी दिले. संपादकांना तिथले दावे पटत असतील असे नाही. तरी त्यांनी ते छापले आणि आपले नाव त्यांच्या पाठीशी उभे केले. जबाबदारी त्यांच्यावरही येतेच.

मंगळूरवारी

कोकणपट्टीच्या दक्षिण टोकाची एक गोष्ट जोडते.

मंगळूरच्या कंकनाडीला आज फादर म्युलर यांचे मोठे रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याची सुरुवात टपाली औषधांतून झाली. ऑगस्टस म्युलर हे जर्मन जेझुइट पाद्री, सेंट अलॉयसियस महाविद्यालयात शिकवत. १८८० मध्ये त्यांनी होमिओपथीची औषधे गरिबांना द्यायला सुरुवात केली. मग बोलोन्याच्या काउंट मात्तेई यांच्या ‘इलेक्ट्रो-होमिओपथी’ची औषधेही ठेवली. मात्तेईंनी कृती गुप्त राखली होती, आणि लाल, निळी, हिरवी, पिवळी, पांढरी अशी रंगांवरून ‘वीज’ बाटलीत भरून मिळे. त्यात वीज बिलकुल नव्हती.

तरी देशभरातून मागण्या येत. टपालाने औषधे जात आणि आलेल्या पैशांवर १८९० मध्ये तिथे कुष्ठरोग्यांचा आश्रम उभा राहिला. १९०२ मध्ये मंगळुरात प्लेग आला तेव्हा प्लेगचे रुग्णालयही उघडले. ज्यांना कोणी उंबऱ्यावर उभे करत नव्हते त्यांच्या जखमा तिथे धुतल्या गेल्या. बाटलीतल्या रंगीत पाण्याचे मी समर्थन करत नाही. पण या इतिहासाची बेरीज-वजाबाकी वाटते तितकी सोपी नाही.

फार्मसीवाला_नगर

बी.फार्म.च्या पहिल्या वर्षी आम्हाला चोप्रा समिती पाठ करावी लागते, तिचा उल्लेख अजून कसा नाही आला? सरकारने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली, अहवाल १९३१ चा. निकृष्ट आणि भेसळीची औषधे देशात सर्रास येत-विकली जात होती, अगदी क्विनाइनसुद्धा पुऱ्या ताकदीचे मिळत नव्हते. म्हणजे पैशाची पुडी घेणाराही निर्धास्त नव्हता. समितीने देशभर एक कायदा करा म्हणून सांगितले, तो यायला १९४० उजाडले.

कायदेकानू

यातली कायद्याची बाजू, आणि माळ्यावरची_ट्रंक यांच्या प्रश्नाचे उत्तर, एकत्रच देतो.

या औषधांना ‘पेटंट’ म्हणत, पण पेटंट बहुतेकांनी घेतलेलेच नसे. पेटंट घ्यायचे तर कृती उघड करावी लागते आणि मुदत संपली की ती सर्वांची होते. आपल्याकडे पेटंटचा पहिला कायदा १८५६ चा, नंतर १९११ चा. गुप्त कृतीला मुदत नाही, ती मुलाला-नातवाला देता येते. म्हणून कारखानदाराने जपले ते नाव आणि लेबलावरचे चित्र. अमृतधारेचे पंडित ठाकूरदत्त शर्मा आपल्या औषधाच्या नावाची नक्कल करणाऱ्यांविरुद्ध कोर्टात भांडत राहिले, ते याच कारणाने.

आता ‘रजिस्टर्ड’. १९४० पर्यंत हिंदुस्थानात ट्रेडमार्क नोंदवायचा कायदाच नव्हता. १८८९ चा मर्चंडाइज मार्क्स कायदा होता, तो खोट्या खुणांना शिक्षा करणारा. नोंदणीची वही त्यात नव्हती. मग व्यापारी काय करत? ‘अमुक नाव, अमुक चित्र माझे’ असे प्रतिज्ञापत्र करून सबरजिस्ट्रारकडे दस्त म्हणून नोंदवत, जसे आपण जमिनीचे खत नोंदवतो. मग ‘रजिस्टर्ड, नकलांपासून सावध’ असे छापायला मोकळे. औषध कोणी तपासले असा त्याचा अर्थ मुळीच नाही, पण वाचणाऱ्याला तसे वाटे.

१९४० च्या औषध कायद्याने आत काय आहे ते सांगणे बंधनकारक होऊ लागले. आयुर्वेदिक आणि युनानी औषधे मात्र त्यातून बाहेर राहिली, ती १९६४ च्या दुरुस्तीने आत आली. जाहिरातींवर लगाम १९५४ च्या कायद्याने आला, ज्याला लोक ‘मॅजिक रेमेडीज ॲक्ट’ म्हणतात. जुनाबाजार यांनी सुरुवातीला ज्या न सांगता येणाऱ्या दुखण्यांची यादी दिली, जवळपास त्याच दुखण्यांची नावे घेऊन जाहिरात करायला त्याने बंदी घातली. युनानी औषधे करणाऱ्या हमदर्द दवाखान्याने त्याला आव्हान दिले. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातला थोडा भाग रद्द केला, पण असल्या धंदेवाईक जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचे पूर्ण संरक्षण मिळत नाही, असे सांगितले.

ताई, बाटली ओळखायच्या खुणा: किंमत आण्यांत असेल तर ती एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण तेव्हा नवे पैसे आले. पत्त्यात किंवा एजंटांच्या यादीत लाहोर, कराची ही नावे असतील तर बहुतेक फाळणीपूर्वीची. नुसते ‘रजिस्टर्ड’ आहे आणि ट्रेडमार्कचा नंबर नाही, लेबलावर घटकही छापलेले नाहीत, तर १९४० च्या दशकाच्या आधीची असायची शक्यता जास्त.

माळ्यावरची_ट्रंक

खूप आभार! भावाला फोन करून लेबल वाचून घेतले. किंमत १ रु. ४ आणे, एजंटांत कराची आणि रंगून, नंबर नाही, घटक नाहीत. म्हणजे तुमच्या तिन्ही खुणा जुळल्या. तळाशी चहाच्या रंगाचे औषध अजून बोटभर आहे. बूच काढून वास घेऊन बघू का म्हणत होता.

फार्मसीवाला_नगर

ताई, बूच अजिबात काढू देऊ नका. त्या काळच्या टॉनिकांत कुचल्याचा अर्क, सोमल, अफू, काहीही असू शकते, आणि वर्षानुवर्षे पाणी उडून गेल्यामुळे तळाशी ते दाट होऊन बसलेले असते. बाटली उभीच ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. लेबलाचे फोटो चारही बाजूंनी काढून इथे टाका, उर्दू-गुजराती मजकूर वाचणारे इथे नक्की भेटतील.